शहरातल्या जुन्या अभियंता संस्थेचं अध्यक्षपद 36 व्या वर्षी देऊ करत आहेत, घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय, "संस्थेत सगळे साठीच्या पुढचे, तरुण फिरकत नाहीत, माहिती तर सगळी मोबाइलवर मिळते. मग अध्यक्ष होऊन मी नेमकं काय करायचं?" हे वाचून मला राहवलं नाही. मी स्थापत्य अभियंता. जिल्ह्याच्या गावात पस्तीस वर्षं आरसीसीचं, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटचं, डिझाइन केलं आणि तिथल्याच अभियंत्यांच्या संस्थेची 2002 ते 2008 मानद सचिव होते. त्या पदावर बसलेली पहिली बाई. उत्तर लांबेल, सांभाळून घ्या.

पद घ्या. पण 15 सप्टेंबरला, अभियंता दिनी, विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार, एक स्नेहभोजन आणि डिसेंबरात डायऱ्यांचं वाटप एवढंच पुढे चालवायचं असेल तर घेऊ नका. विश्वेश्वरय्या पुण्यात शिकले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात राबले, खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. त्यांच्या नावाचा दिवस नुसत्या भाषणांत घालवलेला मला आजही सहन होत नाही.

मोबाइलवर माहिती मिळते हे खरंच आहे. पण रात्री दहा वाजता एखाद्या कॉलमचा हिशेब जुळत नाही, समोर बिल्डर बसलाय, तेव्हा "अहो, हे बरोबर आहे का बघा" म्हणून कुणाला विचारणार? तालुक्याच्या गावी एकट्याने ऑफिस चालवणाऱ्या मुलाला हा प्रश्न रोज पडतो. 1907 साली व्ही. रामस्वामी अय्यर नावाच्या एका डेप्युटी कलेक्टरांनाही हाच प्रश्न पडला होता. नोकरी महसुलाची, ओढ गणिताची, आणि परदेशी नियतकालिकं एकट्याला परवडत नव्हती. त्यांनी देशभरातल्या गणितवाल्यांना पत्रं लिहिली: वर्षाला 25 रुपये द्या, पुस्तकं आणि नियतकालिकं मागवू, टपालाने एकमेकांकडे फिरवू. ग्रंथालय ठेवलं आपल्या पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात. तीच पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाली. 1911 मध्ये तिच्याच जर्नलमध्ये रामानुजनचा पहिला निबंध छापून आला, आणि तेव्हा रामानुजनकडे पदवी नव्हती.

ही गोष्ट मी आमच्या एका वार्षिक सभेत उभं राहून सांगितली होती. ठराव होता पदविकाधारकांना मताचा अधिकार देण्याचा. ठराव 11 मतांनी पडला. पण त्याआधीचं सांगायला हवं.

30 सप्टेंबर 1993. विसर्जनाची रात्र उलटून पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. आम्ही तिथून चार तासांच्या अंतरावर राहतो. तीन आठवड्यांनी संस्थेचे सात जण जीप करून गेलो, मी त्यातली एकटी बाई. दगडमातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती, त्यांच्यावर माळवदाचा मातीचा मणामणांचा थर. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या दगडांना बांधून ठेवणारा आरपार दगड कुठेच नव्हता, त्यामुळे भिंती मधोमध उकलून पडल्या आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. काही घरांत मात्र भिंती गेल्या तरी लाकडी खांब आणि तुळया उभ्या राहिल्या होत्या. मी दिवसभर मापं घेतली, वहीत चित्रं काढली, परत येऊन बावीस पानी अहवाल लिहिला. सभेत तो अहवाल वाचला आमच्या एका ज्येष्ठ सरांनी. "तुम्ही वाचलात तर सभेला गांभीर्य येणार नाही," असं मला आधी सांगण्यात आलं. इतिवृत्तात माझं नाव आहे, पण चहापानाची व्यवस्था पाहिल्याबद्दल. ते पान मी पुढे सचिव झाल्यावर पाहिलं. आज तीस वर्षांनीही ते बोचतं.

तेव्हाच्या भूकंप नकाशात किल्लारीचा भाग झोन एकमध्ये होता, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा. त्यामुळे आमच्यातल्या बहुतेकांनी भूकंपाचा हिशेब कधी केलेलाच नव्हता. त्याच वर्षी आयएस 13920 हे कोड, म्हणजे बांधकामाचं भारतीय मानक, आलं: भूकंपात आरसीसी एकदम तुटू नये, वाकत राहावं म्हणून सळई कशी बांधायची याचं. आमच्या ग्रंथालयात त्याची प्रत आली 1998 मध्ये, आणि कपाटाला कुलूप असायचं.

मग 26 जानेवारी 2001 ला भुज झालं. केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या, त्यातल्या कितीतरी खाली पार्किंगला मोकळ्या सोडलेल्या. आता दगडमाती म्हणून सुटका नव्हती, तशाच इमारती आम्ही बांधत होतो. 2000 मध्ये आयएस 456 हे काँक्रीटचं मुख्य कोड बदललं होतं, आरसीसीला किमान एम 15 ऐवजी एम 20, म्हणजे जास्त ताकदीचं काँक्रीट आलं होतं. 2002 मध्ये भूकंपाचं कोड बदललं, झोन एक रद्दच झाला आणि किल्लारीचा भाग झोन तीनमध्ये गेला. त्याच वर्षी मी सचिव झाले, खरं सांगायचं तर दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून.

आम्ही सहा तांत्रिक व्याख्यानं घेतली. हॉल भरायचा, टाळ्या पडायच्या, आणि दुसऱ्या दिवशी साइटवर बघावं तर कॉलमच्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगांचे हूक, म्हणजे वळवलेली टोकं, काटकोनातच. कोड सांगतं हूक 135 अंशांत आत वळवा आणि टोक काँक्रीटच्या पोटात जाऊ द्या. कारण हादऱ्यात बाहेरचं काँक्रीट सुटलं की काटकोनातला हूक उघडतो, रिंग सैल पडते, उभ्या सळया फुगतात आणि कॉलम बसतो. हे हॉलमधल्या प्रत्येकाला पाठ होतं. पण रिंग वळवणारा माणूस हॉलमध्ये कधी आलाच नव्हता.

म्हणून 2003 मध्ये मी ठरवलं की फिटर लोकांची, म्हणजे सळई वळवून बांधणाऱ्यांची, कार्यशाळा घ्यायची. तीही संस्थेच्या हॉलमध्ये, अमावास्येला, कारण आमच्याकडे त्या दिवशी साइट बंद असतात. तारखेवरून कुरकुर झाली तिचं मला काही वाटलं नाही. पण माझा अहवाल वाचणारे तेच सर कार्यकारिणीत म्हणाले, "मॅडम, ही इंजिनिअरांची संस्था आहे. मिस्त्र्यांना इथे खुर्च्यांवर बसवणार? उद्या सभासद करा." मी म्हटलं, "आज खुर्च्यांवर बसवते, सभासदत्वाचं पुढच्या सभेत मांडते." सर उठून गेले. नंतर तीन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत.

साठेक फिटर आले. मागच्या अंगणात पाटा ठोकला, आठ मिलिमीटरची सळई ठेवली, मी चित्र दाखवलं. वयाने सगळ्यांत मोठे एक बाबा उठले, पाट्यावर माझ्या चित्रातली रिंग दोन मिनिटांत पाडली आणि म्हणाले, "बाई, हे येतं आम्हाला. पण असली रिंग कॉलमच्या सळयांत आडवी घालता येत नाही, वरून एकेक सोडावी लागते. दिवसाला निम्मं काम होतं. आम्हाला पैसे टनावर मिळतात."

तिथे असलेले आम्ही आठ इंजिनिअर गप्प झालो. दहा वर्षं आम्ही म्हणत होतो की या लोकांना कळत नाही. त्यांना कळत होतं, परवडत नव्हतं, आणि परवडत का नव्हतं ते आमच्याच अंदाजपत्रकात लिहिलेलं होतं. त्या महिन्यात आम्ही एक साधा मसुदा केला: 135 अंशांच्या हूकसह बांधणीचा टनाला वेगळा दर, आणि काँक्रीट ओतण्याआधी इंजिनिअरने स्वतः रिंगा बघून सही करायची. सगळ्या सभासदांनी तो वापरला असं नाही. तेवीस जणांनी वापरला. सहा व्याख्यानांनी जे झालं नव्हतं ते एका अमावास्येने झालं, हे मी सरांना त्यांच्या घरी जाऊन सांगणार होते. राहूनच गेलं.

तुम्ही लिहिलंत की तरुण फिरकत नाहीत. आधी बघा, दाराबाहेर कुणाला ठेवलंय. पदविकावाले? नोकरी करत रात्री अभ्यास करून इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची एएमआयई ही पदवीच्या तोडीची परीक्षा पास झालेले? आमच्या भागातला सगळ्यांत भरवशाचा पुलांचा माणूस एएमआयई होता आणि त्याला शेवटपर्यंत "खरा इंजिनिअर" म्हणायला लोक कचरायचे. ती संस्था 1920 ची आणि ती परीक्षा 1928 पासूनची. ज्यांना चार वर्षं कॉलेजात बसणं परवडत नव्हतं, त्यांच्यासाठी तीच वाट होती. 1983 नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित कॉलेजं निघाली आणि पैसे असणाऱ्यांना दुसरी वाट मिळाली. पुढे 31 मे 2013 नंतर नाव नोंदवणाऱ्यांसाठी एएमआयईची पदवीशी असलेली सरकारी समकक्षताही गेली. एखाद्या संस्थेच्या हातातलं सगळ्यांत मोठं काम असं काढून घेतलं जातं आणि आपण त्यावर एक परिसंवादही घेत नाही, याचा मला राग येतो.

बायकांचं वेगळं सांगते. आमच्या सभा रात्री साडेआठला असायच्या. मी त्या संध्याकाळी सहाला आणल्या, तेव्हा "सहाला कोण येणार?" असं मला विचारलं गेलं. पाच मुली आल्या, ज्या आधी कधीच आल्या नव्हत्या. कमला भागवतांना, म्हणजे पुढच्या जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींना, 1933 मध्ये बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत रामन यांनी आधी नकार दिला आणि मग वर्षभराच्या अटीवर घेतलं, हे आपण सगळे अभिमानाने सांगतो. पण 1973 मध्ये मुंबईत निघालेल्या इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशनने वाशीला पाळणाघर आणि नोकरदार बायकांचं वसतिगृह चालवलं, हे फार थोडे सांगतात. वैज्ञानिकांच्या संस्थेने पाळणाघर चालवणं हे माझ्या मते व्याख्यानमालेइतकंच वैज्ञानिक काम आहे. सभेला पोरं घेऊन यायची सोय करा.

आणखी एक. 2020 च्या डिसेंबरात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, बांधकाम परवानग्या ऑनलाइन झाल्या, आणि तेव्हापासून बहुतेक संस्थांचे ग्रुप म्हणजे "फाइल कुठे अडकली" याची चर्चा झाले आहेत. ती अडचण खरी आहे, शिष्टमंडळ घेऊन जायलाच हवं. पण संस्थेचं तेवढंच काम उरलं तर ती परवानग्यांचं दुकान होईल आणि तरुणांना तेही नको असेल. महिन्यातून एक संध्याकाळ ठेवा, जिथे प्रत्येकाने आपलं एक चुकलेलं काम सांगायचं, नाव न छापण्याच्या अटीवर. पहिल्यांदा तुम्ही स्वतःचं सांगा. मी माझ्या एका पाण्याच्या टाकीच्या भिंतीचं सांगितलं होतं, सळई चुकीच्या बाजूला दिली होती आणि टाकी भरून बघितली त्या दिवशीच तडा गेला. त्यानंतर लोक बोलू लागले. संगणकाने दिलेलं उत्तर घेऊन येणाऱ्या मुलांना हसू नका, पण "सॉफ्टवेअरने असंच दिलं" हे उत्तर मान्यही करू नका. आकडा हाताने पडताळायला लावा. सर हे शिकवायचे, स्लाइड रूलवर.

सरांबद्दल मी कडक लिहिलंय, तर हेही लिहिते. 1972 च्या दुष्काळात त्यांनी रोजगाराच्या कामांवर पाझर तलावांची आखणी केली, उन्हातान्हात, शेकडो मजुरांबरोबर. मजुरांबरोबर जेवणारा माणूस हॉलमधल्या खुर्चीवर का अडला, हे मला आजवर उमगलेलं नाही. पदविकाधारकांचा ठराव शेवटी 2011 मध्ये मंजूर झाला. सर तेव्हा हयात नव्हते आणि मी पदावर नव्हते. त्या सभेत रामानुजनचं नाव कुणीतरी घेतलं, एवढं मला कळलं.

माझा अनुभव स्थापत्याचा आणि लहान गावचा आहे. तुमची संस्था विद्युत किंवा यंत्र अभियंत्यांची असेल तर यातलं निम्मं तुम्हाला लागू पडणार नाही. शिवाय माझ्या सहा वर्षांत वर्गणीदार वाढले नाहीत, उलट चौदा कमी झाले, हेही जमेत धरा.

पद घेतलंत तर तीन कामं लगेच करा. संस्थेची घटना वाचून पदाची मुदत बघा, लिहिलेली नसेल तर दोन वर्षांची घालून घ्या. नवीन कार्यकारिणीचा बदल अहवाल धर्मादाय कार्यालयात 90 दिवसांत द्या, नाहीतर जुन्या मंडळाची नावं वर्षानुवर्षं तशीच राहतात आणि भांडणं तिथूनच सुरू होतात. आणि ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली मागून घ्या.

फिटर लोकांच्या त्या कार्यशाळेची चार पानी चित्रं अजून माझ्याकडे आहेत. 2016 च्या सुधारित कोडप्रमाणे हूकच्या टोकाची लांबी बदलली आहे, पूर्वी सळईच्या व्यासाच्या दहापट आणि किमान 75 मिलिमीटर होती, आता सहापट आणि किमान 65. तसं दुरुस्त करून ठेवलंय. तुमच्याकडे अमावास्येला साइट बंद असतात का तेवढं कळवा, पाठवून देते.