बाभळीचं आडनाव कुणी पळवलं?

प्रश्न: मुलीने बारावीच्या प्रोजेक्टमध्ये बाभळीचं शास्त्रीय नाव अकेशिया निलोटिका लिहिलं, घरातल्या जुन्या पुस्तकात बघून. परवा एका बागेत गेलो तर झाडावरच्या पाटीवर व्हॅचेलिया निलोटिका! नक्की बरोबर कुठलं? आणि शास्त्रीय नावंच अशी बदलत राहिली तर मग आपली साधी 'बाभूळ' काय वाईट?
– एक पालक, बार्शी

उत्तर: पाटी बरोबर आहे. पण मुलीचंही चुकलं असं नाही, कारण जुनं नाव पुसून टाकत नाहीत, ते त्याच झाडाचं सिनॉनिम म्हणजे पर्यायी नाव म्हणून नोंदलेलं राहतं.

'बाभूळ' वाईट मुळीच नाही हो, पण आता वेडी बाभूळच घ्या, कुणी त्या नावाने गावाबाहेर माजलेलं प्रोसोपिस दाखवतं तर कुणी लांब दोरीसारख्या पानांचं पार्किन्सोनिया, आणि दोघंही आपापल्या गावात बरोबरच असतात. म्हणून दोन शब्दांचं नाव. पहिला शब्द म्हणजे आडनाव, दुसरा स्वतःचं नाव, शाळेच्या हजेरीत असतं ना तसं. यातलं 'निलोटिका' म्हणजे नाईल नदीकाठची, आणि हे नाव लिनियसने (दोन शब्दांच्या नावांची पद्धत रूढ करणारा स्वीडिश शास्त्रज्ञ) 1753 मध्ये दिल्यापासून तसंच टिकून आहे. आडनाव मात्र फिरतंय. लिनियसने हिला मिमोसात घातलं होतं म्हणजे लाजाळूच्या घरात, नंतर ती अकेशियात आली.

आता खरी गंमत. आडनाव म्हणजे नात्याचा दावा असतो, आणि डीएनए बघायला लागल्यावर कळलं की अकेशिया म्हणून एकत्र बांधलेल्या तेराशेच्या वर जाती एका घरातल्या नाहीतच, पाच वेगळी घरं करावी लागणार. मग जुनं आडनाव कुणाकडे राहणार? नियम असा की ज्या मूळ नमुन्यावरून नाव पडलं तो ज्या घरात, नाव त्या घराचं. आणि तो नमुना कुणाचा, तर आपल्या बाभळीचा! अकेशिया हा शब्दच मुळात इजिप्तमधल्या या काटेरी झाडाचं जुनं ग्रीक नाव.

पण ऑस्ट्रेलियात याच आडनावाच्या नऊशेच्या वर जाती. वॅटल म्हणतात तिकडे, त्यातलं एक तर त्यांचं राष्ट्रीय फूल आहे, क्रिकेट टीमचा हिरवा-सोनेरी रंग आठवा. एवढ्या सगळ्यांची नावं बदलण्यापेक्षा मूळ नमुनाच बदला, ऑस्ट्रेलियातला घ्या, असा प्रस्ताव आला आणि वनस्पतींच्या नावांचे प्रस्ताव तपासणाऱ्या समितीने त्याची शिफारस केली. 2005 मध्ये व्हिएन्नाला वनस्पतीशास्त्रज्ञांच्या परिषदेत मतदान झालं, निम्म्याहून जास्त मतं प्रस्तावाच्या विरोधात पडली, तरी शिफारस उलटवायला 60 टक्के लागत होते आणि तेवढी काही झाली नाहीत. 2011 ला परिषद भरली मेलबर्नला (हो, ऑस्ट्रेलियातच!), तिथे पुन्हा वाद, आणि तोच निर्णय कायम. बाभूळ झाली व्हॅचेलिया, आपला खैर सेनेगालिया कॅटेच्यू.

मला विचाराल तर हा अन्यायच आहे, जिच्यावरून नाव पडलं तिलाच घराबाहेर काढलं. पण प्रस्ताववाल्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, नऊशे नावं बदलायची म्हणजे तेवढी हर्बेरियमची (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाची) लेबलं, नर्सरीच्या याद्या, कायद्याचे कागद, सगळंच आलं.

रस्त्याच्या कडेला लावलेली ती बिनकाट्याची ऑस्ट्रेलियन बाभूळ आहे ना, कोयत्यासारख्या वाकड्या पानांची, ती अजून अधिकृतपणे अकेशियाच आहे. मुलीला प्रोजेक्टमध्ये दोन्ही झाडांचे फोटो शेजारी शेजारी लावायला सांगा, आणि आपल्या बाभळीखाली व्हॅचेलिया निलोटिका लिहून पुढे कंसात जुनं नाव.