कॉन्फरन्सविना फुटबॉल

प्रश्न : मुलगा अमेरिकेत कनेटिकट विद्यापीठात शिकतो. तिथला अमेरिकन फुटबॉलचा संघ २०२० पासून कोणत्याच कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसात सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात, नाही. असा संघ तग धरेल का?

उत्तर : धरेल. २०२४ मध्ये त्यांनी ९ सामने जिंकले, हे कौतुकाचंच. खरी अडचण वेळापत्रकाची. हंगामाचे १२ सामने एकेक करार करून स्वतःच जमवायचे. सप्टेंबर सहज भरतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बाकीचे संघ आपापल्या कॉन्फरन्समध्ये अडकलेले, मग मिळेल त्याच्याशी खेळावं लागतं. हंगामानंतरच्या ‘बोल’ सामन्यासाठी साधारण ६ विजय हवेत, आणि खालच्या एफसीएस गटातल्या संघावरचा एकच विजय त्यात धरतात. कॉन्फरन्सच्या टीव्ही-उत्पन्नातला वाटाही नाही. कॉन्फरन्सविनाच खेळणाऱ्या नोटर डेम विद्यापीठाशी तुलना नको. त्यांच्याकडे एनबीसी टीव्ही वाहिनीचा स्वतंत्र करार आहे.