ह्यांना गुण आला, मग पोराला का नको?

माझ्याकडं समुपदेशनाला येणाऱ्या घरांतून हल्ली एक प्रश्न वरचेवर येतो. घरातल्या एकाची पाठ दुखत होती. कुणीतरी मणका दाबून 'कट्' आवाज काढला आणि बरं वाटलं. आता तोच माणूस बायको, पोरं, आईवडील सगळ्यांना तिकडं न्यायला निघालाय. न्यावं का? आणि नको म्हणायचं असेल तर भांडण न करता कसं म्हणायचं?

अशाच एका घराची ही हकीकत. घरच्यांना विचारून लिहितेय, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

ताई एकट्याच आल्या होत्या. मालक कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत, फौंड्रीत कामाला. घरी आठ वर्षांचा मुलगा आणि सत्तरीला टेकलेल्या सासूबाई. मालकांच्या कमरेत जड उचलताना चमक भरली होती. आधी घरात उसण म्हणून शेकलं, मग शेजारच्या पायाळू आजींचा पाय पाठीवरून फिरवून घेतला, मग तालमीतल्या वस्तादांना दाखवलं. शेवटी मोबाईलवर व्हिडिओ बघून शहरातल्या एका कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हातानं मणक्याला झटका देऊन उपचार करणाऱ्या, केंद्रात गेले आणि तिथून ताठ चालत बाहेर आले. केंद्रानं मग 'फॅमिली पॅकेज' सुचवलं. पोराचं रात्री अंथरुणात शू करणं आणि आजींची चक्कर, दोन्हीचं मूळ मणक्यात आहे, बारा बैठकांत फरक पडेल, असं सांगितलं. निम्मे पैसे भरूनही झाले होते.

ताई म्हणाल्या, "मॅडम, मी नको म्हटलं की म्हणतात, माझं दुखणं तुला खोटं वाटतंय. आणि हो म्हणावं तर पोराची मान कुणी अशी फिरवणार म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा येतो."

या वाक्यातच भांडणाचं मूळ होतं. ताईंना पोराची काळजी होती. मालकांना ऐकू येत होतं ते एवढंच, की बायको माझ्या दुखण्यावर शंका घेतेय. दोघंही वेगवेगळ्या शरीरांबद्दल बोलत होते आणि शब्द मात्र एकच वापरत होते, 'मणका'.

म्हणून मालक पुढच्या खेपेला आले तेव्हा मी आधी त्यांच्या पाठीचंच बोलले, आणि मनापासून बोलले. त्यांना आलेला गुण खरा होता. कमरेची अशी अचानक भरलेली चमक बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते, पण तेवढे दिवस फौंड्रीत उभं राहणाऱ्याला फार लांब असतात. त्या काळात शेक, मालीश, हातानं मणक्याला दिलेला झटका यांनी काहींना थोडा आराम पडतो. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनं, अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं, २०१७ च्या मार्गदर्शनात कमरेच्या दुखण्यासाठी औषधाशिवायच्या पर्यायांत याचा समावेश केलाय. जुनाट कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनातही व्यायाम आणि माहिती यांच्या जोडीनं हा पर्याय आहे. हे ऐकल्यावर मालक खुर्चीत जरा सैल बसले. तोवर ते वकिलासमोर बसल्यासारखे बसले होते.

मग त्यांनी आवाजाचं विचारलं. "हाड जाग्यावर बसल्याचा तो आवाज न्हाई व्हय?" नाही. मणक्यांच्या मागं छोटे सांधे असतात, त्यात द्रव असतो. सांधा झटकन ताणला की आतला दाब उतरतो आणि त्या द्रवात वायूची पोकळी तयार होते. बोटं मोडताना येतो तोच आवाज. हाड सरकलेलं नसतं, त्यामुळं ते बसतही नाही. आराम मिळतो तो ताठरलेले स्नायू सैल पडल्यानं आणि दुखण्याची जाणीव काही वेळ उतरल्यानं. हे मी मुद्दाम सांगते, कारण 'हाड सरकलंय' हे एकदा डोक्यात बसलं की माणूस वाकायलाही घाबरतो. पाठीला खरं तर हालचाल हवी असते.

पण कमरेचा गुण पोराच्या अंथरुणापर्यंत कसा पोचला? त्यासाठी थोडं मागं जावं लागतं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डॅव्हनपोर्ट गावी, डी. डी. पामर नावाच्या गृहस्थांनी १८९५ साली ही पद्धत सुरू केली. ते आधी चुंबकीय उपचार करायचे. त्यांच्या इमारतीत झाडलोट करणाऱ्या हार्वी लिलार्ड यांना ऐकू कमी यायचं. पाठीतला एक मणका दाबल्यावर त्यांना ऐकू येऊ लागलं, असं पामर सांगत. तिथून त्यांनी मत मांडलं, की बहुतेक आजारांचं मूळ सरकलेल्या मणक्यात असतं. आता कानाकडून मेंदूकडं जाणारी नस कवटीच्या आतूनच जाते, मणक्यांतून जातच नाही. तरी ते मत टिकलं. आज या विद्येतले पुष्कळ लोक स्वतःला पाठ-मानेच्या दुखण्यापुरतंच ठेवतात, पण काही ठिकाणी दमा, पोटदुखी, कानाचे आजार, अंथरूण ओलं होणं हे सगळं अजून मणक्याच्याच खात्यात टाकलं जातं. या आजारांवर मणका दाबून उपयोग होतो याला भरवशाचा पुरावा नाही.

मालकांना हे मान्य करायला जड जात होतं. त्यांचं म्हणणं होतं, "शूच्या नसा कमरेतनंच जातात की." हे बरोबर आहे, आणि म्हणूनच आधी बालरोगतज्ज्ञ हवा. क्वचित एखाद्या मुलाच्या पाठीच्या कण्यातच जन्मतः दोष असतो. डॉक्टर कमरेच्या खाली खळगा किंवा केसांचा पुंजका आहे का बघतात, पायांची ताकद आणि चाल बघतात. असा दोष असलाच तर तिथं झटका देणं धोक्याचं, आणि नसेल तर झटका देण्यात अर्थ नाही.

सगळे एकत्र बसले तेव्हा मी प्रत्येकाला एकच विचारलं: ही बारा बैठकांची गोष्ट नाही केली, तर कशाची भीती वाटते? मालक म्हणाले, वडील पन्नाशीत वाकले होते, आपलंही तसंच होईल. ताई म्हणाल्या, शाळेची सहल पन्हाळ्याला मुक्कामी आहे, पोराची पोरांत शोभा होईल. पोरगा आईच्या कुशीत तोंड घालून बसला होता. त्यानं बऱ्याच वेळानं विचारलं, "माझं हाड वाकडं हाय?" मोठ्यांच्या बोलण्यातून त्यानं आपल्याबद्दल एवढंच उचललं होतं.

आजी गप्प होत्या. मी विचारल्यावर म्हणाल्या, "पोराला बरं वाटंल म्हणून मी हो म्हंटलं. मला काय, एक दीस जाऊन यायचं." आणि मग लेकाकडं वळून, "तू तरी काय म्हणतोस रं? धा वर्साचा हुईस्तवर तूबी वाकळ भिजवत हुतास. रोज सकाळी माळ्यावर वाळत घालाय लागायची मला."

मालकांचा चेहरा उतरला. ही गोष्ट ताईंना लग्नाला इतकी वर्षं होऊन माहीत नव्हती.

पुढं ते बराच वेळ बोलले. वडिलांनी कसं मारलं होतं, आत्याच्या गावी मुक्कामाला जायचं कसं टाळायचे, चुलत भावांनी काय नाव पाडलं होतं. आपल्या पोराला यातून लवकर सोडवावं ही त्यांची धडपड होती. पॅकेजचे पैसे घाईघाईनं भरण्यामागं आंधळा विश्वास कमी आणि ही जुनी लाज जास्त होती. ताईंनी ते ऐकलं आणि त्यांचा सूरच बदलला. मला समुपदेशनात असे क्षण फार महत्त्वाचे वाटतात, कारण इथून पुढं माहिती कानात शिरते. त्याआधी ती कितीही खरी असली तरी वादाला जळण म्हणूनच वापरली जाते.

तेव्हा मी सांगितलं, की अंथरूण ओलं होणं हे पुष्कळदा आनुवंशिक असतं. आई-वडिलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण ४० टक्के, दोघांना असेल तर ७० च्याही पुढं. पाचव्या वर्षी शंभरातली पंधराएक मुलं रात्री अंथरूण ओलं करतात, आणि दर वर्षी त्यातली साधारण १५ टक्के आपोआप थांबतात. याचा अर्थ, कुठल्याही उपचाराची बारा आठवडे वाट बघितली तर काही मुलं त्या काळात तशीही बरी होणारच, आणि श्रेय त्या उपचाराला जाणार. मूल हे मुद्दाम करत नाही, आळसानंही नाही. गाढ झोपेत भरलेल्या मूत्राशयाचा निरोप त्याला जागा करत नाही, एवढंच.

बालरोगतज्ज्ञांनी लघवी तपासली, पोट तपासलं, दिवसा त्रास होतो का विचारलं. निघाली ती बद्धकोष्ठता. आतड्याचा शेवटचा भाग भरलेला राहिला की तो मूत्राशयावर दाबतो, आणि हे पालकांच्या सहसा लक्षात येत नाही, कारण मूल रोज संडासला जात असतं, पोट मात्र पुरतं साफ होत नसतं. त्यावर औषध, दिवसभर पुरेसं पाणी, संध्याकाळनंतर बेतानं, झोपताना आठवणीनं शू. ओल लागली की वाजणारा गजर असतो, तो चिकाटीनं वापरला तर चांगला उपयोग होतो. सहलीसारख्या रात्रीपुरतं औषधही डॉक्टर देऊ शकतात. पोरगा पन्हाळ्याला गेला. वर्गशिक्षिकेला आधी कानावर घालून ठेवलं होतं, त्यांनी रात्री एकदा उठवलं. अंथरूण अजूनही कधीकधी ओलं होतं. चादर बदलायचं काम आता वडील करतात, एक शब्द न बोलता.

आजींबद्दल मला जास्त काळजी होती, आणि इथं मी स्पष्ट बोलले. गेल्या वर्षी अंगणात घसरून त्यांचं मनगट मोडलं होतं. या वयाच्या बाईचं साध्या पडण्यानं हाड मोडलं, तर हाडं ठिसूळ झाल्याचा संशय घ्यायलाच हवा. अशा पाठीला झटका देणं म्हणजे मणका चेपण्याचा धोका. मानेचं तर आणखी वेगळं. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या भोकांतून वर जातात. मान जोरात फिरवताना त्या आतून फाटल्याच्या आणि त्यातून पक्षाघात झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. त्या विरळा आहेत हे खरं. पण आधीच चक्कर येणाऱ्या माणसाच्या मानेवर हा प्रयोग करू नये, असं माझं ठाम मत आहे.

त्यांना चक्कर कधी येते हे घरात कुणी विचारलंच नव्हतं. "कूस बदलली की खोली फिरती," असं त्यांनी सांगितलं तेव्हा मी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडं जायला सुचवलं. आतल्या कानात चुन्याचे सूक्ष्म कण असतात. ते जागेवरून सुटून तोलाच्या नळीत गेले की नेमकी अशी चक्कर येते. डॉक्टरांनी आजींचं डोकं ठरावीक क्रमानं, सावकाश वळवून ते कण परत आणले. चक्कर गेली. हाडांची तपासणी झाली, आणि त्यासाठीची औषधं आता चालू आहेत.

मालकांची पाठ? ते आता फिजिओथेरपिस्टकडं शिकलेले व्यायाम करतात, मोल्डिंगचं जड उचलताना जोडीला माणूस घेतात. मध्येच कधी 'कट्' करून घ्यावंसं वाटतं म्हणाले. कमरेपुरतं असेल, आणि करणारा शिकलेला असेल, तर मी अडवलं नाही. पण शिकलेला आहे की नाही हे विचारायचं कसं, हे मात्र सांगितलं. अमेरिकेत या विद्येची स्वतंत्र पदवी आणि परवाना असतो. आपल्याकडं कायरोप्रॅक्टिकसाठी वेगळी सरकारी परिषद नाही, त्यामुळं पाटी कुणीही लावू शकतं. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टांची नोंदणी राज्याच्या परिषदेकडं होते. तेव्हा समोरच्याचं मूळ शिक्षण काय आणि नोंदणी क्रमांक काय, हे विचारायला लाजू नये. क्रमांक सांगायला जो चिडतो, त्याच्या हातात आपली मान देऊ नये.

आणि काही लक्षणांत कुणाच्याच हाताची वाट बघायची नाही. पाय लुळा पडू लागला, बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय, गाठायचं किंवा जवळचं मोठं रुग्णालय. पाठदुखीबरोबर संध्याकाळचा बारीक ताप, घटतं वजन, रात्री झोपमोड करणारी वेदना असेल तर आधी डॉक्टर. आपल्याकडं मणक्याचा क्षय अजून आहे, आणि तो चोळून बरा होत नाही.

ज्यांच्या घरात हाच वाद चालू आहे, त्यांना मी बोलण्यासाठी वाक्य देते, तेच ताईंना दिलं होतं: "तुमच्या पाठीला बरं वाटलं याचा मला आनंद आहे. पोराचं आणि आईंचं मात्र त्यांच्या त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवू." यात 'पण' नाही, 'खोटं' नाही, 'फसवलं' नाही. आणि पैसे आधीच भरले असतील तर त्यापायी उरलेल्या बैठका पुऱ्या करायची गरज नाही. या घरानं डॉक्टरांचा कागद जोडून केंद्राला लेखी अर्ज दिला, न झालेल्या बैठकांचे पैसे मागितले. थोडी खळखळ झाली, पण बहुतेक रक्कम परत मिळाली.