पंधरा लाखांचं खातं मोडून छपरावर सोलर? गुरुजी, जरा थांबा

दापोली तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षकांचा प्रश्न थोडक्यात असा. वय ६४, जिल्हा परिषदेचं पेन्शन महिना ३६ हजार, घरी दोघंच. पत्नी इन्सुलिनवर. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात त्यांच्या वाडीतली लाईट गेली ती तीन आठवडे आली नाही. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा पुन्हा आठवडाभर अंधार. आता एका सोलरवाल्याने ३ किलोवॉटच्या हायब्रिड (लाईनवर आणि बॅटरीवर, दोन्हींवर चालणाऱ्या) सिस्टिमचं, लिथियम बॅटरीसकट, ४ लाखांचं कोटेशन दिलंय. ७८ हजार सबसिडी, बिल शून्य आणि लाईट कधीच जाणार नाही, असं तो म्हणतो. बचत खात्यात १ लाख ४० हजार आहेत, पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाख. ते खातं उघडून सव्वादोन वर्षं झाली. पुण्यातला मुलगा म्हणतो, खातं मोडा, निम्मे पैसे मी नंतर देतो. मोडावं का?

नमस्कार गुरुजी,

मोडू नका. पण तयारी करूच नका, असंही मी म्हणत नाही. तीन आठवडे अंधारात काढलेल्या माणसाला ‘कशाला खर्च करता’ हे सांगायचा अधिकार पुण्या-मुंबईत बसलेल्या कोणालाच नाही. माझा आक्षेप एवढाच, की बिल वाचवणं आणि वादळानंतर घर चालवणं ही दोन वेगळी कामं आहेत. कोटेशनमध्ये ती एकात बांधून तुम्हाला विकली जातायत.

आधी खात्याचं बघू. या योजनेतून गरजेपुरती थोडी रक्कम काढता येत नाही, मुदतीआधी हात लावायचा तर खातंच बंद करावं लागतं. दोन वर्षं उलटली असल्याने दंड एक टक्का, पण तो पूर्ण १५ लाखांवर, म्हणजे १५ हजार. तुम्हाला ८.२ टक्के मिळतायत. सबसिडी जाऊन खर्च ३ लाख २२ हजार धरला, तर त्यावरचं वर्षाचं व्याज साधारण २६,४०० रुपये होतं. तुमचं लाईटबिल, तुम्हीच लिहिल्याप्रमाणे, महिन्याला सरासरी ११०० रुपये. ते सगळं वाचलं तरी वर्षाला १३,२०० आणि स्थिर आकार तर तरीही भरावाच लागतो. म्हणजे १३ हजार वाचवायला २६ हजार सोडायचे. वर १५ हजार दंड. बिलाच्या बाजूने हा हिशोब कुठेच बसत नाही, कारण दोन माणसांच्या घराला ३ किलोवॉट लागतच नाही. एका किलोवॉटमागे दिवसाला साधारण ४ युनिट निघतात, महिन्याला १२०. तुमचा वापर जवळपास तेवढाच आहे.

आता अंधाराची बाजू. साधी ऑन-ग्रिड सोलर, म्हणजे लाईनला जोडलेली, बॅटरी नसलेली, लाईन गेली की स्वतःही बंद पडते. ती मुद्दाम तशीच बनवलेली असते, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छपराकडून शॉक बसेल. बऱ्याच लोकांना हे पॅनेल बसल्यावर कळतं. तुमच्या कोटेशनमधली हायब्रिड आहे, ती बॅटरीवर चालेल, त्यामुळे सोलरवाला खोटं बोलत नाहीये. पण पंतप्रधान सूर्यघर योजनेची सबसिडी पॅनेलच्या क्षमतेवर मिळते: २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटला ३० हजार, ३ किंवा त्याहून जास्त असेल तर एकूण ७८ हजार. बॅटरीसाठी काही नाही. या कोटेशनमध्ये महाग आहे ती नेमकी बॅटरीच.

शिवाय आपल्याकडे वादळ येतं ते मे-जूनमध्ये. त्यानंतर आठ-पंधरा दिवस आभाळ भरलेलं, कधी पाऊस लागून राहिलेला. तेव्हा ३ किलोवॉटच्या दिवसाच्या १२ युनिटचे ३ झाले तरी नशीब. आणि पॅनेल बसणार कुठे? कौलांवर! निसर्गमध्ये कौलं, पत्रे, माडाच्या झावळ्या कुठे कुठे जाऊन पडल्या हे तुम्ही पाहिलंय. लिथियम बॅटरीच्या कार्डात काही बिघडलं तर दुरुस्तीला माणूस रत्नागिरीहून किंवा पुण्याहून यायचा, आणि त्याला फोन लावायला आधी टॉवर चालू पाहिजे.

म्हणून मी उलट बाजूने सुरुवात करतो. लाईट नसताना कशावाचून अडतं? पाणी, रात्रीचा पंखा, दिवे, मोबाईल आणि वहिनींचं इन्सुलिन. टीव्ही, मिक्सर, गीझर सोडून द्या.

पंखे आणि दिवे एकत्र मोजू. जुना पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा तीसेक वॉट. दोन बीएलडीसी पंखे रात्री दहा तास म्हणजे ६०० वॉट-तास. ९ वॉटचे चार दिवे पाच तास म्हणजे १८०. दोन मोबाईल तीसेक. बेरीज ८१०, इन्व्हर्टरची गळती धरून एक युनिट, म्हणजे हजार वॉट-तास, समजा. १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) ट्युब्युलर, म्हणजे पाणी टाकायच्या, बॅटरीत कागदावर १८०० वॉट-तास असतात, त्यातले १२०० वापरावेत. म्हणजे एक रात्र आरामात निघते. पण दुसऱ्या दिवशी चार्ज कशावर करणार? साधा इन्व्हर्टर तीन आठवड्यांच्या अंधारात तिसऱ्या दिवशी शोभेची वस्तू होतो. म्हणून सोलर इन्व्हर्टर घ्या, सोबत ४०० वॉटच्या आसपास पॅनेल. उन्हात दीड युनिट देतील. भरल्या आभाळात अर्ध्याहूनही कमी, म्हणजे त्या दिवशी एकच पंखा आणि दोन दिवे. हे पॅनेल कौलांवर कायमचं न ठोकता अंगणात लोखंडी फ्रेमवर बोल्टने बसवून घ्या आणि वादळाचा इशारा आला की काढून घरात ठेवा. तीन किलोवॉटच्या पॅनेलचं असं करता येत नाही. सगळं मिळून ४० हजारांच्या आसपास, पंख्यांचे सहा हजार वेगळे. सबसिडी नाही मिळणार, नको मिळू दे. बॅटरी चार-पाच वर्षांनी बदलावी लागेल, पण ती दापोलीच्या बाजारात मिळते. डिस्टिल्ड वॉटर टाकायला कोणाला बोलवावं लागत नाही.

पाण्याला मी विजेपेक्षा वरचं स्थान देतो. तुमचा विहिरीवरचा एक एचपी पंप सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, घरगुती इन्व्हर्टरला तो पेलत नाही. त्याच्यासाठी चार लाखांची सिस्टिम घेण्यापेक्षा हजार लिटरची टाकी घ्या. ती छपरावर नको, पडवीच्या बाजूला ओट्यावर ठेवा. भरलेली टाकी एक टन वजनाची असते, वारा तिला हलवत नाही, रिकामी मात्र उडून जाते. हवामान खात्याचा इशारा दोन-तीन दिवस आधी येतो, तेव्हा काठोकाठ भरायची. दोघांना दिवसाला शंभर लिटर धरलं तर दहा दिवस निघाले. पुढच्या दिवसांसाठी विहिरीवर रहाट पुन्हा बसवून घ्या. रोज कळशा ओढायचं तुमचं वय नाही, पण वाडीतला एखादा पोरगा ओढेल की.

आणि जनरेटर घ्यायचाच तर चार घरांत मिळून एक. अडीच-तीन केव्हीएचा पेट्रोलवरचा, ५०-६० हजारांचा, तुमचा वाटा १५ हजार. तासाला साधारण एक लिटर पेट्रोल खातो. प्रत्येक घराचा पंप रोज अर्धा तास चालवला तर दिवसाला दोन लिटर, वीस दिवसांत ४० लिटर. पेट्रोल शंभरी ओलांडून गेलंय, तरी घरटी हजार-अकराशेच्या वर जात नाही. एकट्याने घेतला तर वर्षभर पडून कार्बोरेटर चोंदतो आणि नेमक्या वेळी दोरी ओढून खांदा दुखतो. दोन गोष्टींत मात्र काटकसर नको. चेंजओव्हर स्विच (घर एकतर लाईनला नाहीतर जनरेटरला जोडणारा) इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्या, नाहीतर तुमचा करंट उलटा लाईनवर जाईल. आणि जनरेटर पडवीत किंवा बंद खोलीत चालवू नका, त्याच्या धुराने झोपेतल्या झोपेत माणूस जातो.

इन्सुलिनसाठी फ्रिज चालवायचा नाही. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं हे खरं, पण वापरात घेतलेलं पेन बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर चालतं, फक्त ऊन आणि उकाडा टाळायचा. घट्ट झाकणाच्या डब्यात घालून तो डबा ओल्या मातीच्या मडक्यात ठेवायचा. तुमच्या औषधाची नेमकी मर्यादा डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि मे-जूनमध्ये महिन्याच्या वर साठा करू नका. सगळ्या यादीतला हा सर्वांत स्वस्त उपाय.

किरकोळ वाटणारं, पण मी सोडणार नाही असं: दुसऱ्या गॅस सिलिंडरची अनामत २२०० रुपये, ती भरून टाका. शंभर-दोनशेच्या नोटांत १५ हजार घरात असू द्या. टॉवर बंद पडला की यूपीआय संपलं, एटीएम बंद, आणि बँकेत गेलात तर ‘लिंक नाही’.

इन्व्हर्टर, पंखे, टाकी, रहाट, सिलिंडर, जनरेटरचा वाटा, सगळं धरून ७५ हजारांच्या आसपास जातं. हे कुठून आणायचं? १५ लाखांवर दर तिमाहीला ३०,७५० रुपये व्याज तुमच्या खात्यात येतंच. जानेवारीचा हप्ता इन्व्हर्टर आणि पंख्यांना, एप्रिलचा टाकी, रहाट, जनरेटरला. कमी पडतील ते १३-१४ हजार बचतीतून. वैशाख सुरू व्हायच्या आत सगळं बसलेलं असेल, मुद्दल जिथल्या तिथे. बचत खात्यातल्या उरलेल्या सव्वा लाखाला मात्र हात लावू नका. तो दवाखान्याचा पैसा आहे.

बिल वाचवायची हौस असेल तर वेगळं, एक किलोवॉटचं साधं ऑन-ग्रिड बसवा. ३० हजार सबसिडी जाऊन ४०-४५ हजार पडतील आणि चार-पाच वर्षांत फिटतील. पण पुढच्या दिवाळीनंतर, वासे-रिपा सुताराला दाखवून. याची अंधाराशी सांगड घालू नका.

माझं मत बदलेल असा एकच प्रसंग दिसतो. घरात कोणाला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागला, तर तो एकटाच तीनशे-साडेतीनशे वॉट चोवीस तास खातो, म्हणजे दिवसाला सात-आठ युनिट. तेव्हा मोठी बॅटरी चैन राहत नाही, आणि तेव्हाही मी खातं मोडण्याआधी सूर्यघरचं कमी व्याजाचं कर्ज बघेन.

चिरंजीवांचं ‘निम्मे नंतर देतो’ मनापासून आहे यात शंका नाही. त्यांना सांगा, नंतर नको, आत्ता द्या आणि थोडेच द्या: घराचा विमा. एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते, तिच्यात वादळ, पूर धरलेले आहेत. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामानालाही ठरावीक मर्यादेत संरक्षण मिळतं. अर्जात घर कौलारू आहे हे स्पष्ट लिहा, अंगणातलं पॅनेल धरलंय का ते लेखी विचारा, आणि कौलांचे, वाशांचे फोटो आजच्या तारखेने काढून मुलाच्या फोनवर पाठवून ठेवा.