रस्त्यावरून आणलेल्या कुत्रीच्या रक्तात मायक्रोफिलेरिया निघाले आहेत. हार्टवर्मचे उपचार आणि प्रतिबंध कसा करावा?

पंचवटीतून आणलेल्या कुत्रीच्या रक्तात मायक्रोफिलेरिया, म्हणजे जंतांच्या सूक्ष्म अळ्या, सापडल्या आणि घरातल्या दुसऱ्या कुत्र्यालाही हार्टवर्मची, म्हणजे डासांवाटे पसरणाऱ्या हृदय-फुफ्फुसातल्या जंताची, लागण होईल, अशी धास्ती आपण व्यक्त केली आहे. मी पशुवैद्य नाही, पण नाशिकमध्ये अशी कुत्री घरी सांभाळत आलो आहे, त्या आधारावर लिहितो.

उपचारांची घाई करण्याआधी अँटिजेन चाचणी करून घ्यावी. काचपट्टीवर वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या म्हणजे हार्टवर्मच, असे नसते. डायरोफिलेरिया रेपेन्स हा कातडीखाली राहणारा, तुलनेने सौम्य जंतही भारतात आढळतो आणि त्याच्या अळ्या रक्तात जवळपास तशाच दिसतात. अँटिजेन चाचणी मात्र फुफ्फुसाच्या धमन्यांत राहणाऱ्या खऱ्या हार्टवर्मच्या प्रौढ मादीचा माग काढते. त्याच रक्तातून गोचीड तापाचीही तपासणी सांगा, कारण आपल्याकडच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांत तो फार आढळतो.

चाचणी पॉझिटिव्ह आली, तर प्रौढ जंत मारणारे औषध मेलार्सोमिन. पण ते आपल्याकडे सहजी मिळत नाही. त्यामुळे बहुधा दुसरा, संथ मार्ग धरावा लागतो: डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक 28 दिवस आणि मानेवर लावायचे मॉक्सिडेक्टिन या जंतनाशकाचे थेंब दर महिन्याला. डॉक्सिसायक्लिन जंतांच्या शरीरातले वोल्बाकिया जिवाणू मारते, त्यामुळे जंत खंगतात. हे औषध रिकाम्या पोटी दिल्यास उलटी होते, म्हणून जेवणाबरोबर द्यावे.

औषधापेक्षा अवघड असते ती विश्रांती. मेलेल्या जंतांचे तुकडे फुफ्फुसात अडकतात आणि त्याच वेळी कुत्री धावली, तर जिवावर बेतू शकते. दूधवाल्याची चाहूल लागताच फाटकाकडे झेप घेणारी कुत्री असेल, तर तिला आतल्या खोलीत ठेवावे, शी-शूपुरते पट्ट्यानेच बाहेर न्यावे आणि गच्चीचे दार बंद ठेवावे. खोकला वाढला, धाप लागली किंवा लघवी कॉफीच्या रंगाची झाली, तर रात्र असली तरी डॉक्टरांकडे न्यावे.

खरजेसाठी कोणी आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाचे इंजेक्शन सुचवील, तर ते या अवस्थेत परस्पर देऊ नये. हार्टवर्मच्या प्रतिबंधासाठी त्याची मात्रा किलोमागे 6 मायक्रोग्रॅम असते, खरजेची त्याच्या कितीतरी पट. रक्तातल्या अळ्या एकदम मेल्या, तर कुत्रे कोसळू शकते.

दुसऱ्या कुत्र्याबद्दल: हा आजार चाटण्याने किंवा एका भांड्यात खाण्याने पसरत नाही, मधे डास लागतोच. त्याचीही आधी चाचणी करावी, मग दर महिन्याचे प्रतिबंधक औषध बारा महिने सुरू ठेवावे. हिवाळ्यात पारा घसरला, की काही जण ते थांबवतात. नाशिकच्या दुपारी उबदार असतात, गोदाकाठचे डास पुरते संपत नाहीत, म्हणून मला ते पटत नाही. लागणीनंतर सुमारे सहा महिने चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, त्यामुळे आज निगेटिव्ह आलेल्या कुत्र्याची सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी.