बिस्किटं बंद, हप्ते चालू

प्रश्न थोडक्यात असा: "चाकणच्या कारखान्यात ११ वर्षं प्लॅनिंगला आहे, वय ४१. कंपनीने खर्चकपात लावलीय. ओव्हरटाइम, इन्क्रिमेंट, चहाबरोबरची बिस्किटंसुद्धा बंद. सोडू, की व्हीआरएसची (पैसे घेऊन स्वेच्छानिवृत्ती) वाट पाहू?"

बिस्किटांचं मनावर घेऊ नका. अशा कंपनीत तिघांचं काम एकट्याने ओढलेला माणूस पुढच्या मुलाखतीत भाव खाऊन जातो. तोटा हा, की पगार दोन वर्षं तिथेच राहिला तर नवी कंपनीही त्याच आकड्यावरून घासाघीस करते. खरी खूण वेगळी आहे. कापलेला पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत जमा व्हायला हवा. पासबुक उघडून बघा. तोच रखडला असेल तर व्हीआरएस कुठून देणार?

आणि ग्रॅच्युइटीचे 'पाच-सहा लाख' कुणी सांगितले? मूळ पगार ४२ हजार. २६ने भागा, १५ने गुणा, मग ११ने. पावणेतीनही भरत नाहीत.

मी अडकलो ते तुमच्या शेवटच्या ओळीवर: 'बचत चांगली आहे, वर्षाला १.२० लाखाच्या पॉलिस्या. खात्यात ६० हजार.' घराचा हप्ता ३१ हजार. म्हणजे नोकरी गेली तर दोन हप्तेही धड नाहीत, तेही न जेवता.

एजंटने २० वर्षांनी ४४ लाख सांगितलेत, भरणार २४. 'जवळजवळ दुप्पट' म्हणजे हिशेबाने वर्षाला साडेपाच टक्के, तेही बोनस त्याच्या म्हणण्याप्रमाणे मिळाला तर. विमा २० लाखांचा, गृहकर्ज बाकी २७. वरचे ७ लाख वहिनींनी एजंटकडे मागायचे का? सात वर्षं भरलंत, पुरे. पॉलिस्या पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते थांबवा, भरलेलं मुदतीपर्यंत राहू द्या; पण आधी एक कोटीचा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा, हातात येऊ द्या. त्याला पगाराच्या स्लिपा लागतात, म्हणून आत्ताच.

आईवडिलांचा मेडिक्लेम कंपनीचा आहे, नोकरीबरोबर जाईल. वडिलांना मधुमेह, आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजाराचा खर्च द्यायला तीन वर्षांपर्यंत थांबवतात. ती वर्षं नोकरीत असतानाच मोजायला लागू द्या. पॉलिस्यांच्या वाचलेल्या १.२० लाखातले साठ-सत्तर हजार या दोन विम्यांत जातील. उरलेले खात्यातल्या ६० हजारांत टाका, म्हणजे वर्षभराने साडेतीन हप्ते तरी साठतील.

सोडायचं का? दुसरं ऑफर लेटर हातात आल्याशिवाय नाही. शोधाशोध मात्र आजपासून.