दीड वर्षाच्या लेकीला स्वतःहून करू द्यावं का?

अगं, दे करू! माझे दोघेही याच वयात फोंड्याच्या घरात पेजेने माखून मोठे झाले. सुरुवातीला दोन-तीनच गोष्टी धर.

आधी जेवण. पेज घट्ट ठेव, पातळ असली की चमच्यात राहत नाही. वाटी जड आणि बुडाला रुंद, चमचा आखूड. पहिले काही दिवस निम्मी पेज जमिनीवर जाईल. खाली जुनं लुगडं अंथर आणि दर घासाला तोंड पुसायला धावू नकोस. धाकट्याचा चमचा ओठांशी येऊन नेमका उलटा व्हायचा, मग स्वारी बोटं चाटत बसायची. चालतं. अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं मात्र नकोत, घशात अडकतात.

मग खरं काम. तुळशीला लहान तांब्याने पाणी, चपला जागेवर. मोंतेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोमला बालगृह काढलं, तिथेही मुलं अशीच रोजची कामं करत. भरलेली बादली आणि उघडी बांय (विहीर) यांच्यापाशी तिला एकटी सोडायची नाही, क्षणभरही.

आपण हमखास चुकतो ते इथे:
- ती बटणाशी झटत असताना हातातून ओढून घेणं. मनात वीस अंक मोज.
- कदंबा बस पकडायच्या घाईत शिकवायला बसणं.
- शेजारच्या बाबूशी तुलना. (सासूबाई करतील, तू करू नकोस.)

अक्षरं, अंक एवढ्यात नकोच. उद्या घट्ट पेज कर आणि कसं झालं ते सांग.